बुटांबद्दल कोण बोलणार?

राफेल किती घ्यायची यावर आपल्याकडे पानटपरीवरही मत तयार असतं. शिपायाच्या पायात कसला बूट आहे, याची चौकशी संसदेतही क्वचितच होते. मला हे खटकतं. जवानाचा रोजचा झगडा बूट, हेल्मेट, मॅगझिन आणि स्लीपिंग बॅगशी असतो.

इन्सास रायफल घ्या. पुण्यात पाषाणला तिची रचना झाली, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण १९९९मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकली, रायफली अडकल्या. त्यानंतरची किती वर्षं तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी बरी की ७.६२ची, या वादात गेली! लहान गोळीने शत्रू जखमी होतो आणि त्याला उचलण्यात आणखी दोघे गुंततात, हा युक्तिवाद कागदावर छान दिसतो. काश्मिरात जखमी अतिरेक्याला उचलायला कुणी येत नाही. तो पडल्या जागेवरून गोळ्या झाडत राहतो.

शेवटी ७.६२ आली, पण दोन लांबींची. अमेरिकी सिग सॉवरच्या काडतुसाची नळी ५१ मिलिमीटरची, तर अमेठी जिल्ह्यात कोरव्याला बनणाऱ्या एके-२०३ची ३९ची. एकीचं काडतूस दुसरीत बसत नाही, आणि इन्सासही अजून पुरती गेलेली नाही. लांबच्या माऱ्याला ५१ हवी, हे मान्य. तरी रसद पोचवणाऱ्याच्या डोक्यावर तीन वेगळ्या पेट्या ठेवणारी ही खरेदी मला चुकीची वाटते.

त्याहून जिव्हारी लागतो तो कॅगचा अहवाल. फेब्रुवारी २०२०मध्ये तो संसदेत मांडला गेला. सियाचिन, लडाखसारख्या उंचीवरच्या जवानांना नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत. जुने बूट दुरुस्त करून घालावे लागले. बर्फातल्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के. फेस मास्क, जॅकेटं, स्लीपिंग बॅगा जुन्याच नमुन्याच्या घेतलेल्या. आहारातल्या उष्मांकात ८२ टक्क्यांपर्यंत घट. ही आकडेवारी जुनी आहे, आता पुरवठा सुधारला, असं सैन्याने सांगितलं. सुधारला असेल तर आनंदच आहे. पण उघड्या डोळ्यांनी बर्फाकडे पाहिलं की दृष्टी अधू होते, बोटं गोठली की कापावी लागतात. ती मागाहून आलेल्या खोक्यातून परत मिळत नाहीत.

आणि जवानाने सांगायचं कुणाला? २०१७मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानाने करपलेल्या रोटीचा आणि पाणचट डाळीचा व्हिडिओ टाकला. तक्रार खोटी असल्याचं दलाने म्हटलं आणि त्याला बडतर्फ केलं. तक्रारीची खरीखोटी बाजू बाजूला ठेवू. लंगरमध्ये बसलेल्या बाकीच्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. शिस्त हवीच, पण ताटातल्या डाळीबद्दल बोलण्याने शिस्त मोडत नाही.

नव्या बुटाच्या, हेल्मेटच्या, रायफलीच्या चाचणीत ते वापरणाऱ्या शिपायांचा अभिप्राय स्वतंत्रपणे नोंदवावा आणि त्यांनी नाकारलेली वस्तू कोणत्याही टेबलावरून पुढे सरकू नये, एवढीच मागणी आहे. वाचकहो, तुमच्या खासदाराला संरक्षण अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी एक पत्र लिहा, आणि त्यात विमानांबरोबर बुटांचाही हिशेब मागा.