पाकळी आणि परिपत्रक

चौतीस वर्षं मी बँकेच्या मुख्य कार्यालयात परिपत्रकं लिहिली. शाखा ती वाचत नसत, म्हणून स्मरणपत्रं पाठवली. तीही कुणी वाचत नसे. निवृत्त झाल्यावर सवय सुटेना. फ्रीजच्या दारावर ‘दुधाचे पातेले झाकण्याबाबत’ असा विषय टाकून मी पहिली सूचना लावली. चौथ्या सूचनेला हिने सोसायटीतल्या फुलं रंगवायच्या क्लासची तीन महिन्यांची फी भरून टाकली. माझी.

मी फारसा विरोध केला नाही. चित्रकलेशी आपला जुना संबंध आहे. आठवीत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती आणि सी ग्रेड मिळवली होती. स्मरणचित्राला ‘भाजीबाजार’ हा विषय होता. मला माणसं येत नसत, म्हणून भाजीवालीला मी तिच्याच टोपल्यांमागे लपवलं. कोबी मात्र, खोटं कशाला बोलू, सुरेख आला होता.

क्लासला अकरा बायका आणि मी. मॅडम माझ्या मुलाच्या वयाच्या. त्या वन स्ट्रोक पद्धत शिकवत. अमेरिकेतल्या डॉना ड्यूबेरी नावाच्या बाईंनी हे तंत्र हौशी लोकांच्या घराघरांत पोचवलं. चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला एक रंग लावायचा, दुसऱ्याला दुसरा, म्हणजे सावली आणि उजेड एकाच फटकाऱ्यात कागदावर उतरतात. ऐकताना वाटलं, हे तर आपल्या डबल एन्ट्रीसारखंच आहे, एका बाजूला नावे आणि दुसऱ्या बाजूला जमा.

मॅडमनी पाऊण इंची ब्रशचा एक कोपरा गडद गुलाबीत बुडवला, दुसरा पांढऱ्यात. मग पॅलेटवर एकाच जागी, इंचभर पट्टीत, ब्रश पुढेमागे घासला. मधोमध दोन्ही रंग हळूच एकमेकांत मिसळले. पांढरा कोपरा बाहेर ठेवून कागदावर ब्रश टेकवला, थरथरवत वर नेला, खाली आणला. शिंपल्यासारखी पाकळी तयार! अशा पाच पाकळ्यांचा घेर, आत छोट्या पाकळ्या, मध्ये कळी. दोन मिनिटांत गुलाब. पान तर त्याहून सोपं: दाबा, वळवा, उचला.

मी दाबलं. वळवायचं राहिलं. उचललं तेव्हा कागदही बरोबर आला.

“काका, रंग कमी घ्या,” मॅडम म्हणाल्या.

हे वाक्य त्या तीन महिन्यांत मला किती वेळा म्हणाल्या असतील याची नोंद मी ठेवली नाही, एवढीच त्या काळातली माझी कार्यालयीन चूक. रंग ब्रशच्या केसांच्या दोन तृतीयांशापर्यंत चढावा, पत्र्यापर्यंत पोचू नये, असं त्या सांगत. पण पैसे भरून आणलेला रंग ट्यूबमध्ये ठेवायचा कशाला? मी थापी मारल्यासारखा लावत असे. माझ्या पाकळ्यांना जाडी आली, मग वजन आलं. शेजारच्या सानेबाईंनी माझा पहिला गुलाब निरखून पाहिला आणि विचारलं, “कोबी का?” त्यानंतर मी डेलिया काढला, शेवंती काढली, कमळ काढलं. सानेबाईंचं मत बदललं नाही. जास्वंद काढली तेव्हा मात्र त्यांनी क्षणभर विचार केला आणि “पंखा,” म्हणाल्या.

या काळात मी अभ्यासही वाढवला. नेदरलँड्समध्ये राखेल राउश नावाची एक चित्रकार होऊन गेली, १६६४ ते १७५०. नुसती फुलं काढून तिने युरोपभर नाव कमावलं, आणि तेही दहा मुलांना जन्म देऊन. ऐंशी उलटल्यावरही चित्रं काढत होती. मला एकच मुलगा, तोही बंगळुरात. शिवाय पेन्शन वेळेवर. म्हणजे सबब उरत नव्हती. हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, “आधी त्या वाटीतला ब्रश काढा. चहाची वाटी आहे ती.” ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही, आणि पाण्यात उभा करून ठेवलेल्या ब्रशचे केस वाकडे होतात. हेही मॅडमनी सांगितलं होतंच. माझ्याकडे आता मोराच्या तुऱ्यासारखे दिसणारे सहा ब्रश आहेत.

तिसऱ्या महिन्यात कापडावर रंगवणं आलं. मी मॅडमच्या सूचना मुद्देवार, क्रमांक घालून उतरवून घेतल्या. एक, नवं कापड आधी धुऊन खळ काढावी, नाहीतर रंग धाग्यात न शिरता खळीवर बसतो. दोन, रंगवताना खाली पुठ्ठा घालावा. तीन, रंग पातळ लावावा आणि निदान एक दिवस वाळू द्यावा. चार, मग उलट्या बाजूने इस्त्री करावी. खाली तारीख घालून सही केली. इतकं नेटकं परिपत्रक झालं की ते पाळण्याचं काम आपलं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. चौतीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

दुकानातून आणलेला करकरीत पांढरा अभ्रा घेतला. धुतला असता तर ती करकर गेली असती. पुठ्ठा मात्र घातला, याची कृपया नोंद घ्यावी. जुलैची संध्याकाळ, बाहेर संततधार. सात वाजेपर्यंत भरघोस गुलाब झाला. बोट लावून पाहिलं, वरून कोरडा. उशीला अभ्रा घालून, हिने पाहावं म्हणून पाहुण्यांच्या खोलीत ठेवला.

नऊ वाजता व्याही आणि विहीणबाई आले. नाशिकला निघाले होते, पावसात गाडी बंद पडली. पिठलं-भात झाला, गप्पा झाल्या, सगळे झोपले. व्याही भले गृहस्थ. डोक्यावर केस म्हणाल तर आठवणीपुरते. आणि झोपेत घाम फार येतो, अशी तक्रार ते नेहमी करतात.

सकाळी मी गॅसवर चहाचं आधण ठेवत होतो, तेवढ्यात विहीणबाईंची किंकाळी ऐकू आली. धावलो. व्याही पलंगावर बसले होते, आणि विहीणबाई त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवत होत्या.

“अहो, तुमच्या टकलावर गुलाब!”

मी पाहिलं. रंगाचा जाड गोळा उशीवरच चिकटून राहिला होता. व्याह्यांच्या डोक्यावर उमटला होता तो फक्त पातळ थर. कडेला पांढरट, आत गडद होत गेलेला, पाचही पाकळ्या सुट्या. मॅडम तीन महिने सांगत होत्या तेवढाच रंग, तितकाच.

ही खोबरेल तेल आणि बोळा घेऊन धावत आली. व्याह्यांनी मान खाली घातली. मी हिचा हात धरला.

“अगं, थांब एक मिनिट. पुसण्याआधी सानेबाईंसाठी एक फोटो काढतो.”