पितळखोऱ्याची दप्तरतपासणी

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना सातमाळा डोंगरात जो औट्रम घाट लागतो, त्याला हे नाव खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम साहेबावरून पडले, ही माहिती मी आमच्या मेहुण्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली असता, "कोणत्या हुकमान्वये?" एवढेच त्यांनी विचारले. मेहुणे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि फेरफाराची नोंद झाल्याखेरीज सूर्योदयही मंजूर करू नये, अशी त्यांची धारणा आहे. गौतम ऋषींनी येथे तप केले म्हणून घाटाभोवतीच्या अभयारण्याचे नाव गौताळा, या लोकश्रुतीची त्यांनी वहिवाटीचा पुरावा नाही या सबबीवर वासलात लावली. अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, एवढी नोंद मात्र ग्राह्य धरली.

मग पठारावरून पायऱ्या उतरत आम्ही याच डोंगरातल्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांच्या घळीत शिरलो. दिवस श्रावणातले असल्यामुळे धबधबा ऐन भरात होता आणि त्याच्याखाली तरुण मंडळी अशा आवेशाने किंचाळत होती की, दोन हजार वर्षांपूर्वी या कातळात ध्यानस्थ बसण्यासाठी भिक्षूंनी हीच जागा का निवडली असावी, याचा उलगडा होईना. मेहुण्यांनी छत्री उघडून त्या प्रपाताचे सावकाश निरीक्षण केले आणि एवढे पाणी कोणाच्या हद्दीत उतरते, अशी पृच्छा केली. सुदैवाने पाण्याचा बंदोबस्त प्राचीनांनीच करून ठेवला होता. चौथ्या लेण्याच्या दाराशी पाच फणांचा नाग कोरलेला आहे. कातळाच्या पोटातून पन्हळ काढून डोंगरावरचे पाणी त्याच्या फणांतून बाहेर पडावे, अशी ती योजना. शेजारी हत्तींची रांग आणि सशस्त्र द्वारपाल. मेहुण्यांचा चेहरा प्रथमच उजळला. "बांधकाम खाते चांगले होते," ते म्हणाले.

तिसऱ्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या, खांबांवर पैठणच्या मितदेव नामक गंधिकाने आणि संघकाच्या मुलांनी ते दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. हे बक्षीसपत्र साक्षीदार व तारीख नसल्यामुळे बेकायदा ठरते, असा मेहुण्यांचा अभिप्राय पडला. मला मात्र त्या अत्तरविक्यांविषयी आदरच वाटला, कारण आधी खांब आणि मग नाव हा शिष्टसंमत क्रम त्यांनी पाळला होता. बाजूच्या भिंतीवर बाणविद्ध हृदयासह स्वतःची आद्याक्षरे कोरणाऱ्या अर्वाचीन दात्यांनी भिंतीत भर घालण्याऐवजी थोडी खरवडूनच नेली होती. "हे सरळ अतिक्रमण," मेहुणे गरजले, आणि त्या क्षणी आमचे संपूर्ण मतैक्य झाले.

येथे सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, सुटलेल्या पोटाचा, डोक्यावर पात्र तोललेला आणि तोंडभर हसणारा हा यक्ष कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्याच हातावर कोरलेले आहे. मी त्याचे छायाचित्र दाखवले. मेहुण्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ न्याहाळले आणि अखेर म्हणाले, "डोक्यावर एवढे ओझे घेऊन हसणारा माणूस आमच्या कचेरीत एकही नव्हता. असा नोकर सापडल्यावर दिल्लीवाले त्याला तालुक्याला थोडेच ठेवतात!"