पंख्याला वारा कोण घालणार?

मे महिन्यातल्या दुपारी अख्खं जालना पंख्याखाली आडवं झालेलं असतं. अशाच एका दुपारी भाच्याच्या खोलीतून घरघर ऐकू आली. आधी वाटलं छताचा पंखा, मग वाटलं मांजर. डोकावून पाहिलं तर त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बर्फ पडत होता. देवदाराच्या फांद्या वाकल्या होत्या आणि एका घोडेस्वाराच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ही सगळी थंडी रंगवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र शेजारच्या पेटीत ब्याऐंशी अंशांवर तापलं होतं आणि घरघर त्याच्याच पंख्याची होती. जालन्यात मे महिन्यात हिमालय उभा करायचा, तर कुणाला तरी तापावं लागणारच. “मामा, पंखा म्हातारा झाला बहुतेक. नुसता कण्हतोय,” भाचा म्हणाला. साठीला टेकलेल्या माणसासमोर असं बोलू नये, हे त्याला अजून कळत नाही.

पेटी उघडली आणि आमचं गावच आत भेटलं. काळ्या रानातली धूळ, जिनिंगकडून उडत आलेला कापसाचा भुरा, उदबत्तीची राख, हे सारं कार्डाच्या धातूच्या पात्यांमध्ये बसून त्याची राखाडी गोधडी झाली होती. ऐन उन्हाळ्यात गोधडी पांघरलेल्या माणसाला कुणी जोरजोरात वारा घालावा, तसं त्या पंख्याचं चाललं होतं. उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून कार्ड आणखी वारा मागतं. पंखा मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्या मारतो. बेअरिंगमधलं वंगण त्या उष्णतेनं आणि वेगानं सुकत जातं. दुखणं गोधडीचं आणि झिजणार पंखा! शहराच्या कडेला औद्योगिक वसाहतीत सोळाशे अंशांच्या आसपास भंगार वितळवून त्याच्या सळया करतात. त्या गावात आम्ही मामा-भाचे चार बोटं रुंदीच्या पंख्यासाठी हळहळत बसलो होतो.

मला आजोबांचा टेबलफॅन आठवला. खंडेनवमीला विळी, कातर, आजीचं शिवणयंत्र यांच्या रांगेत तोही पूजेला बसायचा. पूजेआधी आजोबा त्याची जाळी काढायचे, पाती ओल्या फडक्यानं पुसायचे आणि मागच्या भोकात शिवणयंत्राच्या तेलाचे मोजून दोन थेंब सोडायचे. मी तिसरा सोडायला गेलो की हात धरायचे. “पंख्याला अंघोळ नको, घोट पुरे,” म्हणायचे. त्या पंख्यानं आमच्या घरात तीन पिढ्यांची झोप सांभाळली.

तोच विधी आम्ही कार्डावर केला. मऊ ब्रशनं गोधडी उसवली. ब्लोअर मारताना भाच्यानं पातं बोटानं धरून ठेवलं. मोकळं सोडलं तर ते मर्यादेबाहेर गरगरतं, बेअरिंगला इजा होते. शिवाय फिरती मोटर उलटी वीज तयार करून कार्डातच पाठवू शकते. मधला गोल कागद अलगद उचलून त्याखाली शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला. (घरातून खोबरेल तेलाचीही सूचना आली होती. ते केसांना ठीक. बेअरिंगमध्ये चिकट होऊन बसतं.) काही पंख्यांचं बेअरिंग पूर्ण बंद असतं. तिथं थेंबाला वाटच नसते, पंखाच बदलावा लागतो.

उरला प्रश्न पंख्यानं पळायचं केव्हा, हा. कार्ड पन्नासेक अंशांखाली असेल तर हल्लीच्या बऱ्याच पंख्यांना चक्क थांबायची मुभा असते. ज्यांनी ही सवलत आखली, त्यांनी जालन्याचा मे पाहिलेला नसावा. इथं खोलीच चाळिशीला टेकते. त्यामुळे आमचा पंखा उंबरठ्यावर घुटमळायचा, दोन अंश चढले की धावायचा, उतरले की थबकायचा. समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे. मंगलाष्टकं चालू असताना छोटा नारायण बोहल्यावर गुपचूप उभा होता आणि ‘सावधान’ कानी पडल्यावरच पळाला, अशी कथा सांगतात. प्रत्येक ओळीला दचकला असता तर मांडवातच दमला असता. भाच्यानं पंख्याला हीच शिकवण दिली. साठ अंशांच्या आत संथ, एका चालीनं फिर; खरं ‘सावधान’ आलं तरच पळ. खेळालाही सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली. बर्फ पूर्वीसारखाच पडत राहिला, कार्ड मात्र सत्तरीच्या आत आलं.

संध्याकाळी खोलीत शांतता होती. भाचा म्हणाला, “मामा, चालू आहे की बंद, कळतच नाही.” मी पेटीशी वाकून पाहिलं. पाती फिरत होती, आजोबांच्या टेबलफॅनसारखी, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं. तुमच्या घरीही अशी एखादी पेटी असेल, तर येत्या खंडेनवमीला विळी-कातरीच्या रांगेत तिलाही बसवा. फुलं वाहण्याआधी तेवढी गोधडी काढा.