भाचा बरा आहे

बेअरिंग आवाज करायच्या आधीच, नुसता हात ठेवून, "ही आठवडा काढणार नाही" असं सांगणारा माणूस म्हणजे आमचे मेंटेनन्सचे काका. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची खिडकी त्यांची.

या काकांची झोप थर्ड शिफ्टच्या नादात तीन महिने गायब होती. काकूंनी समुपदेशकाचं नाव काढलं की भडकायचे, "मला काय येरवड्याला धाडतेस? आणि मन मोकळं करायला पैसे कशाला? टपरीवर कटिंगच्या पैशात होतं." टपरीवर मात्र ते फक्त तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकबद्दल मन मोकळं करायचे.

बसमध्ये कुणीतरी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सांगितला. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन, फुकट, रात्रंदिवस, मराठीतसुद्धा. "फुकट म्हणजे लागतच नसणार," काका म्हणाले. मग एका रात्री तीन वाजता, नंबर चालू आहे का ते चेक करायला, त्यांनी फोन लावला. चाळीस मिनिटं चेक केलं.

पुढच्या शनिवारी ते चिंचवडला समुपदेशक बाईंकडे गेले. स्कूटर लावली मोरया गोसावींच्या मंदिरापाशी. कुणी विचारलंच तर गणपतीला आलो होतो. आत शॉक नाही, गोळीही नाही. गोळ्या लिहिणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, या नुसत्या विचारतात. काका खूश! हे तर आपलं व्हाय-व्हाय ॲनालिसिस. झोप येत नाही. का? लाइन थांबेल अशी धास्ती. का? थांबली की बोट माझ्याकडे. का? तिसऱ्या 'का'पर्यंत काका फटाफट होते. चौथ्याला त्यांनी खिशातून मशीन पुसायचं फडकं काढलं आणि डोळ्यांना लावलं.

बाहेर आले तर बाकावर क्वालिटीचे साहेब! दोघांचं दहा वर्षांचं रिजेक्शनवरून वैर.

"भाच्याला घेऊन आलो होतो," काका म्हणाले.

"मीपण भाच्यालाच," साहेब म्हणाले. भाचा एकाच्याही सोबत नव्हता.

सोमवारी बसमध्ये साहेबांनी विचारलं, "भाचा कसा आहे?"

"पाच तास झोपला. तुमचा?"

"चिडचिड कमी आहे."

महिन्याभरात बसमध्ये भाचेच भाचे झाले. प्रेस शॉपच्या एकानं हळूच विचारलं, "भाच्याला मेडिक्लेम मिळतो का हो?" काका अख्ख्या बसला ऐकू जाईल असे म्हणाले, "२०१७ चा कायदा आहे. विमा कंपनीनं मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा. पण भाच्याला म्हणावं, पॉलिसी नीट वाच."

परवा मोशीच्या पुढे बस अडकली, तेव्हा मी काकांशेजारी जाऊन बसलो.

"काका, त्या बाईंचा नंबर देता? भाच्यासाठी हवाय."

काकांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुला तर बहीणच नाही."

"नाही."

"चालतं," म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवला. बेअरिंगवर ठेवतात तसा.