पाण्यातली नाडी

हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे मुख्यतः दोन जातींची. मनगटी घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकते. दर ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होते, तसा परतणारा उजेडही बदलतो, आणि त्यावरून हिशोब लागतो. छातीचा पट्टा हृदयातली वीजच टिपतो. पट्टा अधिक खरे बोलतो, पण तो बनियनखाली असतो. घड्याळ लोकांना दिसते. वर्ध्यातल्या पन्नाशीच्या होतकरू व्यायामपटूंना हा फरक निर्णायक वाटतो. सदर लेखक याच वर्गातला. घड्याळ घेतल्या दिवसापासून त्याच्या शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली असते.

जिममध्ये घड्याळाचे पितळ उघडे पडते. डंबेल घट्ट धरला की मनगट वाकते, शिरा-स्नायू ताणतात, घड्याळ सरकते. ट्रेडमिलवर तर ते कधीकधी ठोके सोडून पावलेच मोजत बसते. लेखकाने एकदा १६८ हा आकडा अभिमानाने प्रशिक्षकाला दाखवला. त्या पोराने मानेवर दोन बोटे ठेवली आणि म्हणाला, “काका, एकशे बारा आहेत.”

नाडी मोजायची हौस जुनीच. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेत वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते. यातले तिन्ही प्राणी पोहतात, हे लेखकाने वैद्यकीय पुराव्यासारखे बऱ्याच जणांना ऐकवले आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सान्तोरिओ नावाच्या वैद्याने दोरीला गोळा बांधला. झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची आणि मग दोरीच मोजायची. म्हणजे नाडी तेव्हा लांबीत सांगत; आज सव्वा वीत, काल दीड. हीच पद्धत टिकती तर जिममध्ये बढाई मारायला सुतळी पुरली असती. सेवाग्रामच्या गांधीजींचे तरी मोजमाप कुठे सुटले होते? त्यांचा रक्तदाब फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११० नोंदला गेला.

पोहण्यासाठी यंत्राची निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘५ एटीएम’ हा शिक्का. त्याचा अर्थ ५० मीटर खोलीवरच्या स्थिर पाण्याइतका दाब सोसणे. तेवढ्या खोल जायचा परवाना नव्हे. दुकानदार मात्र म्हणतो, “भाऊ, पन्नास मीटर खोल बी चालते.” लेखकाने मान डोलावली. तो आजवर तलावात गळ्याच्या वर पाणी येईल तिथे गेलेला नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची: ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेते, म्हणून पाण्यात पट्टा मोबाइलशी बोलू शकत नाही. ज्या पट्ट्यात स्वतःची स्मरणशक्ती आहे तोच घ्यावा. तो ठोके साठवतो आणि बाहेर आल्यावर सांगतो. भिंतीला पाय मारून वळताना पट्टा पोटावर घसरतो, पोट सुटलेले असेल तर तिथेच अडकतो. त्यावर गॉगलच्या पट्टीत कानशिलाशी बसणारे प्रकाशयंत्र हा उपाय आहे. तेच जिममध्ये दंडावर बांधता येते.

आकड्यांचा अर्थही बदलतो. २२० वजा वय हे प्रसिद्ध सूत्र १९७१ सालचे आणि ढोबळच. पाण्यात आडवे शरीर, पाण्याचा दाब आणि गारवा यांमुळे ठोके साधारण दहाने कमी पडतात. जमिनीवरचे लक्ष्य तलावात गाठू पाहणारा माणूस विनाकारण दमतो. मग दम लागला तो पोहण्याने, असे घरी सांगतो.

लेखकाच्या वडिलांची नाडी शेवटच्या आठवड्यात आई पाहायची. मिनिटाला किती, हे तिला मोजता येत नव्हते. रात्री दोनला, तीनला उठून ती मनगट धरायची. आहे एवढे कळले की पुन्हा आडवी व्हायची. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात हा वापर दिलेला नसतो, आणि लेखकाने खरेदी त्याच वर्षी केली, हेही बिलावर येत नाही.

निगा सोपी. पोहून आल्यावर पट्टा साध्या पाण्यात खळबळावा, कारण क्लोरीन त्याला खाते. मग सावलीत वाळवावा. वर्ध्याच्या मे महिन्यात याला फार वेळ लागत नाही. यंत्राची डबी पट्ट्यापासून सोडवून ठेवावी. ओल्या पट्ट्याला तशीच राहिली तर ती समजते की आपण अजून कुणाच्या तरी छातीवर आहोत, आणि रात्रभर आलमारीची नाडी मोजत बॅटरी संपवते.