सिलिंडरवाले काका

मेनफ्रेम असलेल्या प्रत्येक ऑफिसात हे काका असतात. ऑफिस मुंबईतल्या बँकेचं असो, नाहीतर हिंजवडीत बसून रात्रपाळीत अमेरिकेतल्या विमा कंपनीचं मशीन सांभाळणारं असो. हुद्दा स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटर, पण जीबी-टीबी ही मापं ते पोरकट समजतात. जागा मोजायची ती सिलिंडरमध्ये. ३३९० डिस्कचा ट्रॅक ५६,६६४ बाइटचा आणि असे १५ ट्रॅक म्हणजे एक सिलिंडर. लग्नाचा वाढदिवस विसरतील, हा हिशेब विसरणार नाहीत.

फाइल लिहिता लिहिता जागा संपली की जॉब ‘बी ३७’ देऊन आडवा होतो आणि नवा पोरगा काकांना फोन लावतो.

“काका, थोडी जागा वाढवून द्या ना.”

“तुझ्या नावावर काय काय आहे?” असं विचारून काका स्वतःच वाचायला लागतात. “टेस्ट. टेस्ट न्यू. टेस्ट न्यू ओल्ड. अरे, न्यू की ओल्ड?”

“असू द्या काका, लागेल कधीतरी.”

काकांचं डोकं फिरतं ते इथे. जगातल्या सगळ्या डिस्का या ‘लागेल कधीतरी’ने भरतात, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

माणूस त्यांना फाइलींवरून कळतो. दहा ओळींच्या रिपोर्टला पाचशे सिलिंडर मागणारा म्हणजे दहा पाहुण्यांसाठी मंगल कार्यालय बुक करणारा. बरेच दिवस हात न लागलेल्या फाइली एचएसएम नावाचं सॉफ्टवेअर आवळून बाजूला टाकतं आणि पुढे टेपवर धाडतं. ते टळावं म्हणून एक सीनियर बाई दर सोमवारी आपल्या झाडून सगळ्या फाइली नुसत्या उघडून बंद करायच्या. काकांनी शेवटच्या वापराच्या तारखा पाहिल्या आणि जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “मॅडम, सोमवार धरलेत वाटतं?”

खरी परीक्षा स्पूलची. सगळ्या जॉबचं आउटपुट तिथे साठतं. ते तुडुंब भरलं तर अख्खं मशीन खोळंबतं, म्हणून जॉब सांभाळणाऱ्या जेईएस२चा इशारा ८० टक्क्यांवर लावलेला असतो. एका रात्री तो आला. कोणीतरी कोबोलमध्ये तपासणीपुरता टाकलेला डिस्प्ले लूपमध्ये तसाच राहिला होता. पडद्यावर ‘आय ॲम हियर’, ‘आय ॲम हियर’, संपता संपेना. काका म्हणाले, “दिसलास हो, बाळा,” आणि त्यांनी जॉब कॅन्सल करून आउटपुट पर्ज केलं.

यावरून कोणाला वाटेल, यांना पुसायचा सोस आहे. तसं नाही. एका उत्साही पोराने “जुने लॉग सगळेच उडवू या” म्हटल्यावर काकांनी त्याला समोर बसवलं. कोणता जॉब किती चालला, कोणी कोणती फाइल उघडली, हे सगळं एसएमएफच्या नोंदींत असतं आणि ऑडिटवाले नेमकं तेच मागतात. “आधी टेपवर उतरव. उतरलंय का ते बघ. मग पूस. हा क्रम चुकलास तर नोकरी पुसली जाईल.”

त्यांचा लाडका प्रोग्रॅम आयईएफबीआर१४. तो स्वतः काहीच करत नाही. जॉबच्या सूचनांत, म्हणजे जेसीएलमध्ये, त्याच्याखाली फाइलचं नाव आणि ‘डिलीट’ लिहायचं, बाकी सिस्टिम बघते. गंमत अशी की सुरुवातीला या निरुद्योगी प्रोग्रॅममध्येही चूक निघाली होती. रिटर्न कोड शून्य करायचाच राहिला होता. काका हे प्रत्येक नव्या बॅचला सांगतात आणि वर म्हणतात, “काही न करणाराही चुकतो, तुम्ही तर कोबोल लिहिता.”

तेव्हा तुमचा जॉब आज रात्री जागेअभावी पडलाच, तर फोन करण्याआधी आपल्या नावावरच्या चार फाइली पुसून घ्या. काकांनी फोन उचलला, तेव्हा तुमची यादी त्यांच्यासमोर उघडलेलीच असते.