वाढतं ल्या!

वाढतेआबा तुमच्याही गावात असणार. गावात नसतील तर घरात असतील, नीट पाहा. दुकानात कुणीही पोराटोरांसाठी काही घेत असलं की मागून "जरा वाढतं ल्या भो!" असा जो आवाज येतो, तो त्यांचा. आमच्या पुरुषोत्तमनगरात साखर कारखान्याच्या खालोखाल दूरवर ऐकू जातं ते हेच.

आबांच्या घरात पहिलीचा गणवेश चौथीपर्यंत चालतो. पहिली दोन वर्षं बाह्या दुमडायच्या, तिसऱ्या वर्षी तो अंगाला बसतो आणि चौथ्या वर्षी फाटतो. बुटांत पुढे कापूस कोंबायचा. थोरल्याला सायकल घेतली ती मोठ्या माणसाची. पोरगं कैची मारत शाळेला गेलं. सीटवर बसण्याइतकी उंची आली तेव्हा सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं होतं. धाकट्याच्या लग्नात सफारी शिवायला टाकला तेव्हा आबा शिंप्याला म्हणाले, "कमरेत वाढता ठेव. लग्नानंतर माणूस सुटतोच." नवरदेव सगळे विधी एका हाताने पँट धरून उरकत होता.

फक्त सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचं तत्त्व बिनचूक लागू पडतं. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आबा कायम शिंगरूच निवडतात आणि ते खरोखर वाढतं. आबांचं मत असं, की जे घोड्याला चालतं ते माणसाला न चालायला काय झालं?

तर अशा माणसाच्या नातीने व्हायोलिन शिकायचं ठरवलं. वय वर्षं आठ. आबांनी तात्काळ होकार दिला, कारण त्यांच्या ट्रॅक्टरवर प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'ची कॅसेट झिजेपर्यंत वाजलेली आहे. (पद्मभूषण मिळालेले पंडित वि. गो. जोग निराळे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलंय. आबांच्या लेखी जोग एकच.)

शहाद्याच्या सरांनी निरोप धाडला, "अर्धं व्हायोलिन आणा."

"अर्धं?" आबा भडकले. "पैसे पुरते आणि माल अर्धा?"

सरांनी समजावलं, की व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं. पावाच्या खालचीही असतात. आबा म्हणाले, "भाजी आहे का?" सर शांत माणूस. म्हणाले, अर्धं म्हणजे लांबीने निम्मं नव्हे. पूर्ण व्हायोलिनचं धड चौदा इंचांचं, तर अर्ध्याचं साधारण साडेबारा. इथे सर फसले. "फक्त दीड इंच? मग तेवढं वाढतंच ल्या की!"

सरांनी टेप काढला. नातीचा डावा हात सरळ पसरून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजला आणि आकडा कागदावर लिहून दिला. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट जिथे पडेल तोच सूर. वाद्य मोठं असलं की बोट जागेवर पोचत नाही, सूर खाली राहतो, पोराला तोच खरा वाटू लागतो, आणि खांदा दुखतो तो वेगळाच. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवतात, म्हणून हात मोकळा राहतो हे खरं. पण बोटांची लांबी त्याने वाढत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद खिशात घालता घालता मला हळूच म्हणाले, "बघू."

नंदुरबारहून तापी लाइनच्या गाडीने आम्ही सुरतेला गेलो. मला पेटी वाजवता येते म्हणून मी जाणकार. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त, चकचकीत, पूर्ण मापाचं व्हायोलिन पुढे केलं. आबांचा चेहरा खुलला. त्यांनी ते उचललं आणि बाजारात घोड्याचे दात पाहावेत तसं त्याच्या भोकांतून आत पाहिलं.

"आत एक काडी सुटी आहे. चिकटवलेलीही नाही. कमी करा."

दुकानदार गुजरातीत कळवळून सांगू लागला, की ती तशीच असते, तारांच्या दाबानेच उभी राहते, चारही तारा एकदम सैल केल्या तर पडते. आबांना पटलं नाही, पण पन्नास रुपये कमी झाले. मग गजाला बांधलेले केस घोड्याच्या शेपटीचे असतात आणि झिजले की पैसे देऊन बदलावे लागतात, हे कळल्यावर तर ते मोठ्याने हसलेच. "सारंगखेड्याला या, पोतंभर देतो."

एवढ्यात त्यांनी सवयीने बोटांखालच्या काळ्या पट्टीवर नख ओढलं. नखाला रंग आला. हसणं थांबलं. रंगवलेला घोडा ओळखण्यात आबांचा हात कुणी धरू शकत नाही. मग त्यांनी खुंट्या फिरवल्या. पिळून सोडली की खुंटी आपली मागे यायची. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की मला दाबताना त्रास झाला. नातीने ते वाद्य धरलं, हात पुरा ताणला, तरी करंगळी हवेतच. ती काही बोलली नाही. आजोबांचं आणलेलं सगळं तिने आजवर असंच, न बोलता, दुमडून घातलेलं आहे.

आबांनी खिशातून कागद काढला. "अर्धं दाखवा. आबनुसाची पट्टी पाहिजे. रंग नको."

ते जास्त पैशांचं निघालं. घासाघीस करून आबांनी वाद्य ठेवायची पेटी, राळ आणि जादा तारांचा एक संच त्यातच बसवला. खुंट्या आणि घोडी समोर बसून नीट करून घेतली. बाहेर आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मापाचंच चांगलं."

आबांना हसायला सोपं आहे. पाचवीतल्या पोराला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावणारेही त्यांना हसतात. तो क्लास कोणत्या मापाचा, हे कुणी विचारत नाही. आबांनी निदान वाढतं घर बांधलं, तीन मुलांसाठी. गच्चीवर वरच्या मजल्याच्या सळया सोडून ठेवल्या. दोघे पुण्याला राहिले. सळया गंजल्या, पावसाळ्याआधी आबा अजून त्यांना रंग देतात.

हल्ली त्यांच्याकडे एक वही असते. वसाहतीतलं पोर दिसलं की त्याचा हात पसरून टेप लावतात. नातीचं अर्धं व्हायोलिन पुढे कुणाला द्यायचं, त्याची ती यादी. तारांचा खर्च घेणाऱ्याचा, असं ठरलंय.

नात वाढलीय. तेव्हा तुमच्या माळ्यावर एखादं पाऊण व्हायोलिन पडून असेल, तर पुरुषोत्तमनगरात येऊन आबांचं घर विचारा. भाव कराल तेवढा थोडा. फक्त पट्टी रंगवलेली असेल तर आणू नका, आबा नख ओढून पाहतात.